बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंदावतात: कॅपॅसिटर बसवूनही तक्रार परत का येते

भाच्याच्या गाडीची ही एकच तक्रार तिसऱ्यांदा माझ्या दारात आली, तेव्हा ठरवलं की या वेळी सगळं नीट मोजायचं आणि लिहून ठेवायचं. कारण हीच तक्रार घेऊन वर्षाकाठी चार-पाच ओळखीचे लोक येतात, आणि प्रत्येकाच्या डिक्कीत एक चकचकीत कॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटकन देणारा डबा, आधीच बसलेला असतो.

तक्रार अशी. रात्री गाणं लावलं की वूफरच्या, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरच्या, प्रत्येक ठोक्याला हेडलाइट पापणी लवावी तसे मंद होतात. डॅशबोर्डचे दिवेही सोबत लवतात. आवाज वाढवला की बेस पिचपिचीत येतो, आणि थोड्या वेळानं स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर आपोआप बंद पडतो. भाचा दुकानात गेला, १ फॅरडचा कॅपॅसिटर बसवून आला. तीन आठवडे छान चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानानं सांगितलं, "हा लहान पडतो", आणि २ फॅरडचा बसवला. महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. अनंत चतुर्दशीच्या रात्री तो मित्रांना घेऊन इंदूरच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला निघाला आणि गर्दीत तासभर अडकला. एसी चालू, दिवे चालू, गाणं चालू, गाडी मात्र जागच्या जागी. अँप्लिफायर चार वेळा बंद पडला, आणि शेवटी इंजिन बंद केल्यावर गाडी परत सुरूच होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा: "मामा, आता तिसरा घेऊ का? ५ फॅरडचा मिळतो म्हणे."

मी इंदूरजवळ पीथमपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. माझा पहिला प्रश्न कॅपॅसिटरबद्दल नव्हताच. मी विचारलं, "दोन्ही वेळा तीन-चार आठवडे बरं चाललं ना? त्या वेळी दुकानदारानं आणखी काय काय उघडलं होतं?" तो म्हणाला, "काही नाही, वायरी काढल्या, परत लावल्या, बोल्ट आवळले." माझा संशय तिथेच पक्का झाला.

कॅपॅसिटर नेमकं काय करतो

इंदुरात राहणाऱ्याला हे पाण्यावरून चटकन समजतं. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंप करून शहरात येतं, घरच्या गच्चीवरच्या टाकीत साठतं, आणि न्हाणीघरात आपण तांब्या भरून ठेवतो. गाडीत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, ही नर्मदेची लाइन, बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि कॅपॅसिटर म्हणजे तो हाताशी ठेवलेला तांब्या. एकदम पाणी लागलं तर तांब्या सर्वांत आधी हाताला येतो, हा त्याचा गुण. पण तो तांब्याच. टाकीतून येणारा नळ गाळानं चोंदला असेल तर मोठा तांब्या आणून आंघोळ होत नाही.

आता आकड्यांत बघू, कारण दुकानात आकडेच दाखवून विकतात. कॅपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची गुंडाळी असते. पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि मध्ये इलेक्ट्रोलाइटनं भिजलेला कागद. त्या थराच्या दोन बाजूंना चार्ज साठतो. १ फॅरड म्हणजे व्होल्टेज १ व्होल्टनं खाली आलं की १ कूलंब चार्ज बाहेर पडणार. एवढंच, जास्त नाही. भाच्याचा अँप्लिफायर जोराच्या बेसला ४० अँपिअर ओढतो, म्हणजे सेकंदाला ४० कूलंब. तेव्हा लाइनचं व्होल्टेज १४ वरून १३ वर येईपर्यंत १ फॅरडचा कॅपॅसिटर अँप्लिफायरला पोसणार फक्त १/४० सेकंद, म्हणजे २५ मिलिसेकंद. २ फॅरडचा ५० मिलिसेकंद. ढोलाचा एक घुमणारा ठोका याहून कितीतरी लांब असतो. आणि शेजारी ३५ अँपिअर-तासाची साधी बॅटरी ठेवली तर तिच्या पोटात १,२६,००० कूलंब असतात.

म्हणून कॅपॅसिटर खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्याचा अंतर्गत रोध फार कमी, दोन-चार मिलिओहमच्या घरात असतो आणि तो अँप्लिफायरच्या अगदी शेजारी असतो. ठोक्याच्या सुरुवातीचा जो अणकुचीदार झटका असतो, तो पाच मीटर वायर ओलांडून बॅटरीकडून येण्याआधी कॅपॅसिटर देतो. त्यानं ठोका थोडा टणक वाजतो. पण ठोका संपल्यावर रिकामा झालेला तांब्या परत भरायचाही त्याच नळातून, त्याच वायरीतून. म्हणजे सरासरी वीज लाइनमधून येतच नसेल तर कॅपॅसिटर ती तयार करत नाही.

मोजायचं कसं

मल्टीमीटर साधा चालतो. अडचण अशी की गाण्याचा ठोका इतका छोटा की मीटरचा आकडा त्याच्यामागे धावू शकत नाही. म्हणून मी गाणं लावतच नाही. मोबाइलमध्ये ५० हर्ट्झचा टेस्ट टोन, म्हणजे सलग वाजणारा एकच खालचा सूर, उतरवून घेतो, गाडी उघड्यावर उभी करून इंजिन सुरू करतो, आणि ज्या आवाजाला तक्रार सुरू होते त्या आवाजाला तो टोन दहा सेकंद वाजवतो. दहा सेकंदच. सलग टोननं वूफरची कॉइल तापते, तिचा बळी देऊ नका. मध्ये मिनिटभर थांबा, मग पुढचं माप.

बहुतेक दुकानांत डिक्कीतलं व्होल्टेज गाणं बंद ठेवून बघतात आणि "१३.९ आहे, लाइन ठीक आहे" असं सांगतात. शांत बसलेला अँप्लिफायर एक-दोन अँपिअरच घेतो. तेवढ्यात कुजकी वायरसुद्धा चांगली दिसते. कॅपॅसिटरवर व्होल्टेज दाखवणाऱ्या निळ्या आकड्यांचंही तेच. भार असताना मोजलं नाही तर मोजलंच नाही.

भाच्याच्या गाडीत इंजिन १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेऱ्या) ठेवून, गाणं बंद असताना, बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते. टोन लावल्यावर बॅटरीवर १३.१ आणि डिक्कीत अँप्लिफायरच्या टर्मिनलवर ११.२. म्हणजे तक्रारी दोन आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. पुढे बोनेटमध्ये १ व्होल्ट पडतोय, त्यानं हेडलाइट मंदावतात. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत आणखी १.९ व्होल्ट पडतोय, त्यानं बेस पिचतो आणि अँप्लिफायर स्वतःला वाचवायला बंद होतो. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. त्यामुळे १४.१ चे १३.१ झाले की उजेड वीसेक टक्क्यांनी उतरतो, म्हणून एवढासा फरक भिंतीवर ठळक दिसतो.

मग हा १.९ व्होल्ट नेमका कुठे हरवतो ते शोधायचं. यासाठी पाच-सहा मीटर कोणतीही बारीक वायर घ्या. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे जुन्या चार्जरची वायरसुद्धा चालते. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं मीटरला, मीटरची दुसरी पिन अँप्लिफायरच्या प्लसला, आणि टोन लावा. मीटर सरळ तेवढ्या तुकड्यातली घट दाखवतो. भाच्याकडे आली ०.८५ व्होल्ट. तसंच बॅटरीच्या मायनसपासून अँप्लिफायरच्या मायनसपर्यंत मोजलं: १.०५ व्होल्ट. बेरीज १.९, हिशोब जुळला.

अर्थिंगचा बोल्ट

तो १.०५ बघून मी मागची सीट काढली. अँप्लिफायरची अर्थ वायर, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी मायनसची वायर, सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबली होती. एक तर सीटबेल्टचा बोल्ट हा जीव वाचवणारा बोल्ट आहे, त्याला हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे त्याच्याखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. वायरच्या टोकाचं थिंबल (धातूची कडी) रंगावर बसलेलं, आणि संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांमधून. थिंबलची खालची बाजू उलटून बघितली तर एका कडेला तांबूस गंजाची कोर होती, एका जागी निळसर-काळा डाग, आणि वायरचं प्लास्टिक अर्धा इंच मागे आक्रसलेलं. ४० अँपिअर गुणिले १.०५ व्होल्ट म्हणजे ४२ वॅट. त्यातले बहुतेक त्या एका सांध्यात जळत होते. घरच्या ३५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नहून जास्त उष्णता, सीटच्या फोमला चिकटून.

तीन आठवड्यांचं कोडंही इथेच सुटतं. प्रत्येक वेळी दुकानदारानं कॅपॅसिटर जोडताना हा बोल्ट सैल केला आणि परत आवळला. आवळताना थिंबल घासलं, थोडा रंग नि गंज खरवडला गेला, संपर्क सुधारला. मग सांधा तापत-निवत राहिला, पावसाळ्याची ओल लागली, पुन्हा गंज चढला आणि तक्रार परत. नाव कॅपॅसिटरचं झालं, काम पान्यानं केलं होतं. तुमच्याकडे काही नवीन बसवल्यावर काही दिवस बरं वाटून तक्रार परत येत असेल, तर आधी विचारा की त्या दिवशी कोणता सांधा उघडला होता.

नवी अर्थिंग अशी केली. डिक्कीत चेसिसच्या जाड पत्र्यावर जागा निवडली, खालून पेट्रोलची लाइन किंवा टाकी नाही हे आधी वाकून बघितलं. सँडपेपरनं रुपयाएवढा भाग पांढरा धातू दिसेपर्यंत घासला. थिंबल वायरवर दाबून क्रिंप केलं, दातेरी वॉशर घातला, नट-बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस चोपडलं. ग्रीस आवळल्यानंतर. वायर अर्ध्या मीटरच्या आत, आणि प्लसच्या वायरीइतकीच जाड. प्लसला जाड वायर आणि मायनसला उरलेला बारीक तुकडा, हे मी इतक्या गाड्यांत पाहिलंय की आता हात आधी मायनसकडेच जातो. जाणारा करंट आणि परतणारा करंट सारखाच असतो.

वायर तांब्याची आहे का

प्लसच्या ०.८५ व्होल्टचं कारण वायर. तयार किटमध्ये आलेली, वरून अंगठ्याएवढी जाड, पण त्यातलं निम्मं प्लास्टिक. टोक ब्लेडनं खरवडलं तर तांबूस मुलाम्याखाली पांढरा ॲल्युमिनियम निघाला. अशी मुलाम्याची वायर तांब्याच्या तुलनेत साधारण दीडपट रोध देते. ८ गेजच्या, म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटरच्या, पाच मीटर तारेत १६ मिलिओहम आणि ४० अँपिअरला ०.६४ व्होल्ट गेले. उरलेले फ्यूज होल्डरच्या ढिल्या स्क्रूत.

इंदूरच्या सियागंज बाजारातून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल आणली. वेल्डिंग केबलही ॲल्युमिनियमची मिळते, म्हणून दुकानातच टोक सोलून खरवडून बघा आणि वजनाचा अंदाज घ्या. तांब्याची तेवढीच केबल दुप्पटीहून जास्त जड लागते. पाच मीटरला रोध साडेतीन मिलिओहमच्या आसपास. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात रबरी बुश घातला, आणि ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. आधीचा फ्यूज डिक्कीत, अँप्लिफायरजवळ होता. तो अँप्लिफायरला वाचवतो, पण मधली पाच मीटर वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरीपासून तिथपर्यंत आग लागायला काहीच आडवं येत नाही. इथे मी कुणाचं ऐकत नाही: फ्यूज बॅटरीजवळ नसेल तर गाणं बंद ठेवा, आधी तो लावा.

पुढचा एक व्होल्ट

हेडलाइटची तक्रार बोनेटमध्येच सोडवावी लागते. तिथे आधी एक गोष्ट बघा: दिवे फक्त सिग्नलला उभं असताना लवतात की बायपासवर पळतानाही? फक्त आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू फिरत असताना, लवत असतील तर अल्टरनेटरची मर्यादा आहे. लहान गाडीचा अल्टरनेटर ६० ते ८० अँपिअरचा म्हणतात, पण ते इंजिन जोरात फिरत असताना. आयडलवर तो त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो, आणि तेवढं तर हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखाच खाऊन टाकतात. अँप्लिफायरचं सगळं मग बॅटरीतून जातं. झांक्यांच्या रात्री तासभर हेच झालं, आणि शेवटी स्टार्टरला पुरेल एवढंही उरलं नाही. पळतानाही लवत असतील तर बॅटरी, तिची टर्मिनल्स किंवा इंजिन ते बॉडीची अर्थ पट्टी तपासा.

भाच्याच्या गाडीत दोन्ही होतं. टोन चालू असताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मोजलं तर ०.३५ व्होल्ट. इथे ०.१ च्या वर गेलं की मी पट्टी बदलतो. जुनी पट्टी पिळली तर हिरवी भुकटी पडली. तिच्या जागी त्याच वेल्डिंग केबलचा तुकडा लावला. बॅटरीला चार वर्षं झाली होती. रात्रभर विश्रांतीनंतर चांगल्या बॅटरीवर १२.६ दिसायला हवेत, हिच्यावर १२.२ होते, आणि स्टार्टर मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला. ती बदलली.

बॅटरी सकाळी उतरलेली मिळते त्याला कॅपॅसिटरचाही थोडा हातभार असतो. त्याच्यावरचे निळे आकडे रिमोट वायरवर, म्हणजे स्टिरिओ चालू असतानाच वीज देणाऱ्या बारीक वायरवर, बंद व्हायला हवेत. भाच्याच्या गाडीत ते कायम प्लसला जोडलेले होते आणि ५० मिलिअँपिअर घेत होते. दिवसाला १.२ अँपिअर-तास. पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर ३५ च्या बॅटरीतले १८ गेले.

सगळं झाल्यावर तोच टोन, तोच आवाज: बॅटरीवर १३.५, डिक्कीत १३.१. आधी ११.२ होते. १५०० आरपीएमला दिवे लवत नाहीत. पलासियाच्या सिग्नलला एसी चालू ठेवून आवाज पूर्ण वाढवला तर किंचित लवतात, आणि ते तसंच राहणार. तो अल्टरनेटरचा हिशोब आहे. सिग्नलला आवाज दोन घर कमी करायचा हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

कॅपॅसिटर जोडताना आणि काढताना

भाच्यानं विचारलं, मग कॅपॅसिटर काढून टाकू का? मी २ फॅरडचा ठेवला. नवीन वायरवर त्याला निदान भरायला वेळ मिळतो. पण आज कुणी नव्यानं पैसे घालणार असेल तर क्रम अर्थिंग, वायर, बॅटरी आणि मग उरले तर कॅपॅसिटर, असा असू द्या.

रिकामा कॅपॅसिटर सरळ प्लसला लावू नका. रिकामा असताना तो शॉर्टसारखाच वागतो. जुन्या थिंबलवर मला खड्डा पडलेला दिसला, तो याच ठिणगीचा. ३० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर मध्ये घेऊन भरला तर १ फॅरडला अडीच-तीन मिनिटं लागतात. मी मात्र इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वापरतो, कारण काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. भाच्याला बल्ब धरायला दिला. मायनस आधी जोडला, मग प्लस बल्बमधून. बल्ब लख्ख पेटला, पिवळा झाला, मग आतली तार नुसती लाल, आणि वीस आकडे मोजायच्या आत विझला. विझला म्हणजे भरला. तेव्हा बल्ब बाजूला करून वायर पक्की आवळायची. प्लस-मायनस उलटे होऊ देऊ नका. उलटा जोडलेला असा इलेक्ट्रोलिटिक (इलेक्ट्रोलाइट भरलेला) कॅपॅसिटर आतून वायू सोडतो, फुगतो आणि फुटतो.

काढतानाही तोच बल्ब. आधी लाइन सोडवायची आणि मग कॅपॅसिटरच्या दोन टोकांत बल्ब धरायचा. पेचकस आडवा टाकून ठिणगी पाडायची सवय मोडा. डोळ्यात धातूचा कण जातो.

मे महिन्यात बंद डिक्की आगीसारखी तापते, आणि इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. वरची चकती फुगलेली दिसली किंवा बुडाला चिकट ओल दिसली तर तो संपला.

एक गैरसमज राहिला. इंजिनची रेस वाढवली की स्पीकरमधून शिटीसारखा आवाज वाढतो, त्यावरही काही जण हाच फॅरडचा डबा सुचवतात. ती शिटी बहुतेक वेळा अर्थिंगच्या दोन वाटांमुळे येते, किंवा ऑडिओची आरसीए वायर पॉवरच्या वायरीला चिकटून नेल्यामुळे. ऑडिओची वायर गाडीच्या एका बाजूनं आणि पॉवरची दुसऱ्या बाजूनं न्या. तसंच ट्वीटरला, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरला, लावलेला छोटासा कॅपॅसिटर वेगळ्या कामाचा. ४.७ मायक्रोफॅरडचा तो तुकडा ४ ओहमच्या ट्वीटरपर्यंत साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या खालचा आवाज कमी करत नेतो, म्हणून ट्वीटर बेसनं जळत नाही. तो कुणी "फालतू" म्हणून कापला असेल तर ट्वीटर आठवड्याभरात गेलाच समजा. बदलताना दोन्ही बाजूंनी चालणारा, ध्रुव नसलेलाच घ्या.

पहिला १ फॅरडचा माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. त्याच्या दोन टोकांना तांब्याची तार पिळून ठेवली आहे, कारण पूर्ण रिकामा केलेला कॅपॅसिटरही नुसता पडून राहिला तर थोडं व्होल्टेज परत चढवतो.